सून बसली की बंद पडणारा कॉम्प्युटर

"तुम्ही आला की बरोबर चालतंय बघा." आमच्या धंद्यात यापेक्षा वाईट वाक्य नाही. गिऱ्हाईक ते ओशाळून म्हणतं, आम्ही ते ओशाळून ऐकतो, आणि कॉम्प्युटर दोघांच्या मध्ये शहाण्या मुलासारखा चालत राहतो. रात्रभर रडून घर डोक्यावर घेतलेलं पोर डॉक्टरांच्या दारात पोचलं की खुदकन हसतं, तसलाच प्रकार. डॉक्टर निदान नाडी तरी बघतात. आम्ही चहा पिऊन परत येतो.

मी बशीर. मंगळवार पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर अशी बढती मला कुणी न देताच मिळाली. लोकांच्या घरात जे बिघडत गेलं, ते मी शिकत गेलो. आता हात थोडा थरथरतो, म्हणून दुकानातलं बारीक जोडकाम भाचा करतो आणि मी घरोघरी जाऊन निदान करतो. निदानाला हात लागत नाही. कान लागतात, नाक लागतं आणि दुसऱ्याच्या घरात मुकाट बसून राहायची तयारी लागते. ती माझ्याकडे भरपूर आहे, असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुरुस्ती म्हणजे पेटी उघडायची, काहीतरी बदलायचं आणि मिटायची. पूर्ण बंद पडलेल्या कॉम्प्युटरचं तसंच असतं. त्याचं दुखणं एकच, आणि ते लपत नाही. घाम काढतो तो चालता चालता मध्येच प्रोग्राम बंद पाडणारा. आज पडला, उद्या नाही. सकाळी पडला, दुपारी नाही. असा कॉम्प्युटर घरात असला की घरातली माणसं एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. बाप म्हणतो, पोराने गेम टाकले म्हणून. पोरगं म्हणतं, बाबा बटणं हातोडीने ठोकल्यासारखी ठोकतात म्हणून. मी पेटी उघडायच्या आधी हे सगळं ऐकून घ्यावं लागतं, आणि प्रत्येकाला मी आपल्याच बाजूने बोलावं असं वाटत असतं.

यातली निम्मी दुखणी वाऱ्याची असतात. पेटीच्या आत एक छोटी चौकोनी चिप असते. सगळं काम तीच करते आणि काम करताना तापते. तिच्या डोक्यावर एक पंखा असतो, आणि आतली गरम हवा मागच्या जाळीतून बाहेर टाकायला दुसरा. हा वारा कुठे कोंडला की चिप तापते, आणि फारच तापली की जळून जाण्यापेक्षा हातातलं काम टाकून देते. आपल्याला दिसतं ते एवढंच, की प्रोग्राम अचानक गायब झाला. जोतिबाच्या डोंगरावर एका नारळ-गुलालाच्या दुकानदाराच्या घरी मी अशीच पेटी उघडली होती. आत पंखा, तारा, चिप, सगळं गुलाबी. यात्रेत उधळलेला गुलाल तिथेच मुक्कामाला होता. अंगणात नेऊन ब्लोअर मारला आणि पेटी स्वच्छ झाली, मी मात्र गुलालात न्हाऊन घरी आलो. बायकोने दारातच विचारलं, "कॉम्प्युटर बघाय गेलता का पालखी उचलाय?"

उरलेल्या निम्म्या दुखण्यांचा भरवसा नाही. रंकाळ्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त ओव्हरसिअरसाहेबांनी कुंडली मांडायचा प्रोग्राम घेतला होता. सगळ्या गल्लीच्या कुंडल्या निघाल्या, साहेबांची स्वतःची मांडायला घेतली की प्रोग्राम बंद. साहेबांनी अन्न सोडायचं बाकी ठेवलं होतं. त्यांचं म्हणणं, त्याला आत काहीतरी वाईट दिसतं आणि तो भिडेखातर सांगत नाही. मी बाजूला बसून त्यांना पहिल्यापासून माहिती भरायला लावली. जन्म रात्री साडेबाराचा. साहेबांनी आयुष्यभराच्या सवयीने सरकारी घड्याळाप्रमाणे चोवीस वाजून तीस मिनिटं लिहिली. तेवीसच्या पुढचा तास त्या प्रोग्रामला ठाऊकच नव्हता, तो बिचारा गोंधळून बंद पडत होता. शून्य वाजून तीस मिनिटं लिहिल्यावर कुंडली निघाली. आयुष्य दीर्घ होतं. साहेब रडले आणि मग मला जेवूनच जा म्हणाले.

तेव्हापासून मी तीन गोष्टी विचारतो. बंद कधी पडतो, काय करताना पडतो, आणि बसलेलं कोण असतं. तिसरा प्रश्न मी यंत्रासाठी विचारत नाही. त्या घरात दोषाचं गाठोडं कुणाच्या डोक्यावर ठेवलंय, ते त्यातून कळतं.

हुपरीची अश्विनी दुकानात पहिल्यांदा आली ती पेटी मांडीवर घेऊन, एसटीने. हुपरी चांदीचं गाव. घरोघरी पैंजण बनतात. एका कोपऱ्यात तार ओढतात, दुसऱ्या कोपऱ्यात कड्या जोडतात, आणि त्याच्यामध्येच चूल, पाळणा आणि पोरांचा अभ्यास. अश्विनीने लग्नाआधी कोल्हापुरात दागिन्यांचं डिझाइन शिकून घेतलं होतं. सासरी आल्यावर काही वर्षं कड्या जोडल्या. पण डाख देताना, म्हणजे सांधे वितळवून जोडताना, आगीच्या ज्योतीने डोळ्यांतून पाणी येऊन दिसेनासं व्हायचं, म्हणून तिने नवऱ्याच्या मागे लागून जुना कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर पैंजणाची चित्रं काढायला लागली. नवरा संतोष संध्याकाळी त्याच कॉम्प्युटरवर व्यापाऱ्यांची बिलं करायचा. त्याचं बिल कधी अडलं नाही. अश्विनी चित्र काढायला बसली की मात्र थोड्या वेळात प्रोग्राम बंद, कधी कधी सगळी पेटीच बंद.

मी तिला सांगितलं, बिल करणं म्हणजे मोकळा ट्रॅक्टर सपाट रस्त्याने नेणं, आणि डिझाइनचा प्रोग्राम म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या लावून चढ चढणं. दुखणं चढावरच कळतं. तिला ते पटलं. पण घरात कोण हे ऐकणार? घरात हिशेब सोपा होता. मुलगा बसला की चालतो, सून बसली की बंद पडतो. सासूबाई, ज्यांना ती आत्ती म्हणायची, त्यांनी पहिल्यांदा तोंडातून काढलं की हिच्या हाताला यश नाही. मग शेजारणी म्हणायला लागल्या. शेवटी सासरे आप्पा, ज्यांना ती मामा म्हणायची, तेही एकदा बोलून गेले.

पेटी दुकानात दोन-तीन दिवस ठेवली. तिचाच डिझाइनचा प्रोग्राम सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालवला. एकदाही बंद पडला नाही. तरी रॅम बदलून दिली, पॉवर सप्लाय बदलला, फॉरमॅट मारला. घरी नेल्यावर पुन्हा तेच. मग मीच फोन करून हुपरीला गेलो.

आप्पा सत्तरीच्या पुढचे, अंगाने काटक. पैंजणाच्या कामात त्यांचा हात गावात नावाजलेला. त्यांची बसायची जागा खिडकीपाशी, आणि तिच्याशेजारीच टेबलावर कॉम्प्युटर, पेटीची पाठ खिडकीकडे. पेटी उघडली तर आत करडी धूळ. मी सवयीने ब्लोअर काढला आणि पेटी अंगणात घेऊन निघालो, तर आप्पा उठून आडवे आले. "ओ पावणं, कुठं? ती धूळ न्हवं, चांदी हाय." मग जमिनीवर कागद अंथरला आणि मी चित्रकाराच्या ब्रशने ती धूळ एकेक कोपऱ्यातून कागदावर पाडली. कानशीने घासलेल्या चांदीचा चुरा त्यात असतो. ते लोक काम झाल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा फेकत नाहीत, गाळून ठेवतात. आप्पांनी कागदाची पुडी बांधली आणि माझ्या बाह्या झटकून घेतल्या. मला हसू आलं, पण त्यांना नाही आलं.

साफ करून झाल्यावर मी अश्विनीला कामाला बसवलं आणि बाजूला बसून राहिलो. पेटी चालू, तापमान बरोबर, पंखे ठीक. दोन वेळा चहा झाला. पेटी सुतासारखी सरळ चालली. आत्ती स्वयंपाकघरातून डोकावून म्हणाल्या, "तुमी बसला की चालतंय." मी हत्यारं पिशवीत भरली.

निघताना अश्विनी मला दारापर्यंत सोडायला आली. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने तिच्याकडून पैंजणाची नवी चित्रं मागवली होती, सोमवारपर्यंत हवी होती. ती दर रेघेला सेव्ह करत होती, तरी बंद पडताना फाइलच बिघडून सगळं जात होतं. घरात ठरलं होतं की हे काम हुकलं तर कॉम्प्युटर विकायचा आणि तिने पुन्हा डाख द्यायला बसायचं. हे सगळं तिने न रडता सांगितलं. मग इकडेतिकडे बघून हळू म्हणाली, "चाचा, बिघाड न्हाय सापडला तर न्हाय सापडला. पण मशीनच खराब हाय, एवढं तरी आत सांगून जावा. माझा हात वाईट हाय असं नको."

मी आत जाऊन सांगितलं की बिघाड यंत्रातच आहे आणि तो मी शोधणार आहे. आत्ती "बरं" म्हणाल्या. ज्याला स्वतःलाच बिघाड दिसलेला नाही, त्याच्या बोलण्याला किती वजन असणार? परतीच्या एसटीत मला स्वतःचाच राग आला. एवढी वर्षं या कामात काढून मी त्या पोरीला एका शब्दाचा आधार देऊ शकलो नव्हतो.

त्याच आठवड्यात हातकणंगल्याला एकाच्या घरी काम निघालं. ते लवकर आटोपलं, तिथून हुपरी जवळ, म्हणून फोन न करताच गेलो. माझा निदानाचा काही विचार नव्हता, खरं सांगायचं तर फक्त चुटपुट होती.

दार उघडंच होतं. आत गेलो तर अश्विनी काळ्या पडलेल्या पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसलेली. नुकताच बंद पडला होता. आप्पा आपल्या जागेवर, पुढ्यात तारेचं वेटोळं, कड्या, घुंगरं, सगळं पसरलेलं. मागच्या वेळी मी आलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं. चांदीच्या घरात बाहेरचा माणूस येणार म्हटलं की पुढ्यातला माल उचलून ठेवतात. अविश्वास म्हणून नाही, वाडवडिलांपासूनची रीतच आहे. आज त्यांना उचलायला सवड मिळाली नव्हती.

मी पेटी परत चालू केली, तर पंख्याचा आवाज वेगळा आला. धापा टाकल्यासारखा. मी वाकून खिडकीच्या बाजूने हात घातला, तर हाताला कापड लागलं. जुन्या धोतराचं दुहेरी फडकं पेटीच्या मागच्या जाळीवर सुतळीने गच्च बांधलेलं. इस्त्रीखालून काढल्यासारखं गरम.

मी विचारलं, हे काय? आप्पांनी मान वर न करताच सांगितलं, फडकं. मी भिंतीकडे बोट दाखवून हे काय विचारलं असतं, तर ज्या आवाजात त्यांनी भिंत म्हटलं असतं, त्याच आवाजात. मग त्यांनी समजावून दिलं. पंखा वारा खिडकीबाहेर फेकतो, वाऱ्याबरोबर चांदीचा कण जातो. खिडकीच्या कठड्यावर करडी रेघ उमटलेली त्यांनी बघितली, आणि त्याच दिवशी फडकं बांधलं. भरलं की ते जाळायचं आणि राखेतली चांदी काढायची. पॉलिशच्या मोटरीलाही तसंच फडकं होतं, पाटाखालीही होतं. त्या घरात जिथे तिथे फडकी होती, त्यामुळे कुणालाच हे वेगळं काही वाटलं नव्हतं. अश्विनीलाही नाही. आणि मी येणार असा फोन आला तेव्हा पुढ्यातल्या मालाबरोबर आप्पांनी हे फडकंही सोडून आत ठेवलं होतं. पेटी दुकानात आली ती तर फडक्याशिवायच.

मी फडकं सोडलं. अश्विनीला म्हटलं, बस. ती काढत राहिली. फुलांची जाळी झाली, कड्या झाल्या, घुंगरं टांगून झाली. आप्पांचं हातातलं काम कधी थांबलं ते मला कळलं नाही. ते पेटीकडेच बघत होते.

"परत बांधा," ते म्हणाले.

मी म्हटलं, आप्पा, आता काय गरज आहे, कळलं की कारण. मला खरंच ते नको होतं. म्हातारा माणूस, त्याच्याच घरात त्याला कशाला खोटं पाडायचं? पण त्यांनी मान हलवली. "तसं न्हाय. कसाला लावल्याबिगर चांदी घेत न्हाय आमी. बांधा."

मी त्यांच्यासारखंच गच्च बांधलं. अश्विनीने चित्र सेव्ह केलं आणि पुढे काढायला घेतलं. थोड्या वेळाने पंखा धापा टाकायला लागला. आप्पांनी तो आवाज ऐकला आणि माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं.  अश्विनी एक पाकळी वळवत होती, ती अर्धी असतानाच सगळी पेटीच बंद पडली.

आवाज थांबलेला ऐकून आत्ती स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "पडलं न्हवं बंद? तरी म्हणत हुते, हिचा हातच..."

"हिचा न्हाय," आप्पा म्हणाले. "माझा."

त्यांनी सुतळी स्वतः सोडली, फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि बायकोला पहिल्यापासून सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. संतोष बाहेरून आला, त्यालाही पुन्हा सांगितलं. मी आजवर शेकडो घरांत बिघाड दाखवून दिला असेल. तो आपल्याकडे घेताना असा स्वच्छ आवाज मी दुसऱ्या कुणाचा ऐकलेला नाही.  मी स्क्रू घट्ट करायचं नाटक करत खाली बघत राहिलो. मग मी सुचवलं की या खोलीत चुरा उडणारच, पेटी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, हलवावी. सोप्यात टीव्ही होता. आप्पा म्हणाले, टीव्ही हलवा. आत्तींच्या मालिका त्या टीव्हीवर असायच्या, पण त्या दिवशी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

चित्रं सोमवारी वेळेवर गेली, व्यापाऱ्याने आणखी मागवली, हे संतोषने नंतर फोनवर कळवलं. त्या दुपारचं मात्र अजून थोडं सांगायचं राहिलं आहे.

सोप्यात पेटी लावून झाल्यावर आप्पा आपला बसायचा पाट घेऊन तिथे आले आणि पडद्यासमोर बसले. तोवर त्यांनी सुनेचं चित्र कधी बघितलंच नव्हतं. बराच वेळ निरखून त्यांनी एका जागी बोट ठेवलं. इथली कडी बारीक आहे, बाई पहिल्याच दिवशी जिना उतरली की तुटणार. अश्विनीने ती पुसली आणि जाड काढली. आता घुंगरू अडकतंय, म्हणाले. तिने तेही पुसलं आणि खाली घेतलं. त्यांनी तिला तीच कडी परत बारीक करायला लावली, परत जाड करायला लावली.

"आणि ह्यात काय जळतंय? चांदी, कोळसा, कायतरी?"

"काय न्हाय मामा. पुसलं की झालं."

 आप्पांनी मग आपल्या वडिलांचं सांगितलं. लहानपणी पहिली कडी चुकली तेव्हा वडिलांनी सांडशी फेकून मारली होती. माणूस वाईट नव्हता, पण चांदी दुसऱ्याची असायची, चुकायची सोयच नव्हती. सांगताना ते हनुवटीखालचा जुना व्रण चोळत होते. मला वाटलं ते एवढ्यावरच थांबतील. त्या पिढीची माणसं थांबतातच.

पण ते सुनेकडे वळले. "मी तुला बोललो, त्ये चुकलं माझं, पोरी. त्ये बी पुसता येतंय काय बघ ह्यात."

अश्विनीचे डोळे भरले होते, पण ती हुपरीत मुरलेली होती. माउसवरचा हात न काढता ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की मामा. परत कुणी बोललं तर ही चूक दाखवाय हुईल."

आप्पा एवढे मोठ्याने हसले की रस्त्यावरचं माणूस डोकावून गेलं. आत्ती मात्र चहा टाकते म्हणून आत गेल्या.